चार खुंट्यांमधला गहू

ट्युनिस, ३ फेब्रुवारी १९८६

दादा,

तुला, सालहा वहिनीला आणि गावातल्या सगळ्यांना सलाम. आधी खाला मबरूकांबद्दल लिहिते. त्या गेल्याची बातमी आली तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणात अडकले होते, घर सोडून निघणं शक्यच नव्हतं. ते मनाला फार लागून राहिलंय. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. शेजारच्या त्या बाईनेच मला मोठं केलं. कुसकुस वळायला त्यांनीच शिकवलं; माझे दाणे जाड झाले की बोटांवर चमचा मारायच्या. त्यांच्या मुलाला, खमैसला, माझ्या वतीने भेटून ये, असं लिहिणार होते, पण तुझं आणि त्याचं बोलणं बंद आहे हे आठवलं. आई कोणाची का गेलेली असेना, तुम्ही दोघं बांधाच्या अल्याड-पल्याड तोंड फिरवूनच उभे राहणार.

आता कामाचं. मुल्दीच्या गिरणीत नवी टूम निघाली आहे. माझा नवराच तिथे वजनकाट्यावर बसतो, त्यामुळे बातमी पक्की. ह्या वर्षी बाजा भागातून रव्याच्या गव्हाचा एक उस्ताद शेतकरी निवडणार. प्रत्येकाने आपल्या शेतातली सर्वांत चांगली पट्टी दाखवायची. गिरणीची माणसं तिथे चार खुंट्या ठोकतील. आतल्या गव्हाला कापणीपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग तो वेगळा मळून तोलणार, दाणे मधोमध कापून आत बघणार. जो निवडला जाईल त्याच्या शेतावर पाटी लागेल, आणि पुढच्या वर्षी सगळ्या भागाला बियाणं त्याच्याच गव्हाचं जाईल.

तुझं नाव मी देऊन टाकलं आहे. ओरडू नकोस. एकदा गहू पावसात भिजला, कोंबड्यांपुढे टाकावा लागला, म्हणून तीन वर्षं गाव तुला 'कोंबडीवाला' म्हणतंय. आणि भिजला तरी कशामुळे? खमैसने तुझी कापणीयंत्राची पाळी पळवली म्हणून! वर नावही त्यानेच ठेवलं. मला ते सहन होत नाही.

तुझी,
नझीहा

ऐन तूता, २ मार्च

नझीहा,

तुझ्या घरी सुख नांदो. नातवाचं नाव काय ठेवलं ते लिहायचं राहून गेलं तुझं. गिरणीबद्दल मात्र पानभर लिहिलंस.

मी ओरडणारच होतो. पण तुझं पत्र आलं त्याच दिवशी सालहाने ते पोस्टमनकडून वाचून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या दुकानात सगळ्यांना माहीत. मी आत शिरलो तर रमदान न्हावी म्हणतो, "या उस्ताद! कोंबड्या काय म्हणतात?" आता नाव मागे घेतलं तर तो मला मरेपर्यंत सोडायचा नाही.

म्हणून पट्टी दाखवणार आहे. कोणती ते तू ओळखलं असशील. बाबांचा जुना मेंढवाडा होता ती. तिथे आधीच्या हरभऱ्याचा बेवड आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात मी खतासाठी मेंढ्याही बसवल्या होत्या. युरियाची शेवटची मूठ मी ओंबी बाहेर पडायच्या आधी, गहू पोटरीत असतानाच टाकणार, पाऊस बघून. लोक ती आधीच टाकून मोकळे होतात. मग दाणा भरताना पीक उपाशी राहतं, दाण्याच्या पोटात पांढरा खडू धरतो, आणि असल्या दाण्याचं गिरणीत रवा होण्याऐवजी पीठ होतं. तुला हे सांगायला नको. कुसकुसचा लगदा झाला की तू दुकानदाराशी भांडतेस ते ह्यामुळेच.

खमैसनेही नाव दिलं आहे. त्याचाही गहू चांगला आहे. ते मला मान्य करावं लागतं, करतो.

नझीहा, मलाही ती पाटी हवी आहे. तू हसशील म्हणून आधी लिहिलं नव्हतं. एकदा तरी गावाने माझ्या गव्हाकडे बघून दुसरं काहीतरी म्हणावं.

तुझा भाऊ,
तिजानी

ट्युनिस, २१ एप्रिल

दादा,

हसले नाही. उलट गॅसपाशी उभी राहून रडले, आणि मुल्दीला सांगितलं की कांद्यामुळे.

नातवाचं नाव अनीस. आता झालं समाधान?

खुंट्या ठोकल्याचं कळलं. राऊफसाहेब नावाचे कोणी इंजिनिअर आले होते ना? ते परत येऊन मुल्दीला म्हणाले, "तुझ्या मेव्हण्याच्या पट्टीत पाय ठेवायलाही मन होत नव्हतं, इतका एकसारखा गहू आहे." दुसऱ्या कोणाबद्दल ते काही बोलले नाहीत. मी मनातल्या मनात शेतावर पाटीसुद्धा लावून टाकली. हिरवी, पांढऱ्या अक्षरांची.

आता एकच कर. तिकडे नजर ठेव. मेंढ्या, पोरं, चिमण्या, कोणी आत जाता कामा नये. आणि खमैसवर तर नक्कीच नजर ठेव. ज्याने पाळी पळवली तो काहीही पळवेल.

रमजान जवळ आलाय. इथे हिरव्या ओंब्या भाजून केलेली फ्रीक पुडक्यात मिळते, जुनी, कोंदट. तुमच्याकडे ओंब्या चिकातून पुढे सरकल्या असतील. भाजताना शेताच्या कडेला जो धूर येतो ना, त्याची आठवण येते.

नझीहा

ऐन तूता, १७ मे

नझीहा,

रमजान मुबारक. रोजे ठीक चालले आहेत. दुपारी डोकं दुखतं, चहा नाही म्हणून. सालहा म्हणते चहा नाही म्हणून नव्हे, बोलायला कोणी नाही म्हणून.

तू पट्टीबद्दल विचारशील म्हणून आधीच सांगतो. खुंट्यांच्या आतला एक तुकडा कापला गेला आहे. एका लहान खोलीएवढा असेल. बाकीचा उभा आहे. झालं ते झालं. ह्यावर काही विचारू नकोस आणि कोणाशी बोलू नकोस.

ह्या वर्षी दाणा मात्र असा भरलाय की मी रोज संध्याकाळी एक ओंबी चोळून बघतो आणि कोणाला तरी दाखवावंसं वाटतं.

अनीसला माझे आशीर्वाद.

तिजानी

ट्युनिस, २३ मे

दादा,

कापला गेला? कापला गेला म्हणजे काय? गहू काय स्वतःहून आडवा होतो?

तू काही सांगणार नाहीस हे माहीत होतं, म्हणून मी गावातल्या माझ्या मैत्रिणीला, रबीहाला, पोस्टातून फोन लावला. तिने सांगितलं ते ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. म्हणे खमैसच्या घरी रोज इफ्तारला ताज्या फ्रीकचं सूप असतं, गल्लीभर वास. आणि खमैसच्या शेतात एक ओंबीही कापलेली नाही! मग ती फ्रीक आली कुठून, आकाशातून?

आणि तू काय लिहितोस? झालं ते झालं! पाळी पळवली तेव्हाही तू असाच गप्प बसलास, आणि तुला कोंबडीवाला करून ठेवलं. ह्या वेळी मी गप्प बसणार नाही. मुल्दीला सगळं सांगितलं आहे. तो आधी कां-कूं करत होता, पण तो तयार होईपर्यंत मी जेवायला वाढलंच नाही. आज त्याने राऊफसाहेबांच्या कानावर घातलं. ते स्वतः येऊन चौकशी करतील.

तू फक्त खरं काय ते सांग. नाहीतर ह्या वेळी मी स्वतः येईन आणि चहाच्या दुकानासमोर उभी राहून सांगेन.

नझीहा

ऐन तूता, ४ जून

नझीहा,

रागाने लिहायचं नव्हतं म्हणून इतके दिवस थांबलो. राऊफसाहेब येऊन गेले. काय झालं ते ऐक, आणि त्याआधी एक गोष्ट ऐक जी बोलायची नसते. तू बोलायला लावलीस.

ज्या घरात वर्षभरात माणूस गेलंय त्या घरात त्या साली फ्रीक भाजत नाहीत. त्यासाठी विस्तव पेटवायचा नसतो. त्यांची रमजानची फ्रीक शेजाऱ्याने करायची, आपल्या शेतातल्या सर्वांत चांगल्या गव्हाची. संध्याकाळी टोपली उंबऱ्यावर ठेवायची आणि निघून यायचं. देणाऱ्याने नाव सांगायचं नाही, घेणाऱ्यानेही नाही. शहरात राहून तू हे विसरलीस, की तुला कोणी सांगितलंच नाही, मला माहीत नाही. आई गेली त्या वर्षी आपल्या उंबऱ्यावर टोपली आली होती. मी दहा वर्षांचा होतो. टोपलीच्या काठाला तांबडी लोकर गुंफलेली होती, त्यावरून कोणाची ते सगळ्या गावाला कळलं. ती खाला मबरूकांची होती.

आता सांग, मी कुठला गहू कापायचा होता?

सालहा म्हणाली, "खुंट्यांच्या बाहेरचा कापा. कोणाला कळतंय?" खरंच कोणाला कळलं नसतं. पण मेंढवाड्याची पट्टी तेवढीच आहे, खुंट्या तिच्या कडेकडेनेच ठोकलेल्या. बाहेरचा गहू दुसऱ्या नंबरचा. मी विळा घेऊन बांधावर बराच वेळ बसलो. खमैसची आठवण झाली की उठून घरी जावंसं वाटायचं. मग त्या बाईची आठवण झाली, आणि मी आत शिरलो.

राऊफसाहेबांनी आम्हा दोघांना शेतावर बोलावलं. निम्मं गाव मागे मागे आलंच. साहेबांनी खमैसला विचारलं, "तुमच्या घरी फ्रीक आली कुठून?"

खमैस गप्प.

"तुमचं शेत तर अजून अख्खं उभं आहे."

गप्प.

"हे बघा, उत्तर दिलं नाहीत तर चोरी तुम्हीच केली असं धरावं लागेल. तुमचं नाव काढावं लागेल."

"काढा," तो म्हणाला.

नझीहा, त्याच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, आणि प्रत्येकजण जमिनीकडे बघत होता. तो गावासमोर चोर ठरायला तयार झाला, पण बोलला नाही. कारण घेणाऱ्याने बोलायचं नसतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. म्हातारा झालाय.

मी म्हटलं, "साहेब, मी कापला."

"तुम्ही? स्वतःच्या खुंट्यांमधला? कशासाठी?"

"भूक लागली होती."

"रमजानात?"

लोक हसले. मीही हसलो. साहेबांनी नियम वाचून दाखवला आणि माझं नाव खोडलं. चांगला माणूस आहे, जाताना माझी एक ओंबी चोळून बघितली आणि मान हलवत गाडीत बसला.

आता चहाच्या दुकानात नवीन आहे: कोंबडीवाल्याला रोज्यात भूक लागते. असू दे.

मुल्दीला माझ्यातर्फे पोटभर वाढ.

तिजानी

ट्युनिस, १२ जून

दादा,

ईद झाली. मी कोणाकडे गेले नाही.

मला कोणी सांगितलं नव्हतं रे. आईच्या वेळी मी पाळण्यात होते, आणि तू तर बोलणारा माणूस नव्हेस. पण सांगितलं नव्हतं म्हणून माझ्या हातून झालं ते काही पुसत नाही. मी गप्प बसले असते तर साहेब आलेच नसते. निदान तुझं तुला ठरवता आलं असतं.

मनातली ती पाटी मी तुझ्या शेतावरून काढली, माझ्याच हाताने. खमैसला काय तोंड दाखवू? त्याच्या आईने मला भरवलं आणि मी त्याला चोर म्हटलं.

मुल्दी जेवतोय. मीच जेवत नाही.

नझीहा

ऐन तूता, १२ ऑक्टोबर

नझीहा,

जेव. उन्हाळा संपला तरी तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहितो.

इथलं सगळं ठीक. कापणी वेळेवर झाली, पाऊस आला नाही. खुंट्यांमधला उरलेला गहू गिरणीने नेला नाही, मग मी आणि सालहाने तो अंगणातच वेगळा मळला. दाणे सुरीने कापून बघितले. एकातही पांढरं नाही. सगळे काचेसारखे, मधाच्या रंगाचे. मी सालहाला दाखवले, ती म्हणाली, "दाखवायला दुसरं कोणी मिळत नाही का?" मग स्वतःच खाली बसून आणखी कापत राहिली. तो मी बाजूला ठेवला आहे, पेरायला.

उस्ताद म्हणून खमैस निवडला गेला. योग्यच झालं. माझ्यानंतर त्याचाच होता. पाटी लागली, बाजाहून माणसं आली, फोटो काढले. तू म्हणाली होतीस तशी हिरवी नाही, निळी आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. कोणाला सांगितली नाही, तुला सांगतो. फ्रीकची टोपली परत करायची वेळ पेरणीच्या आधीची असते. ज्या घराने घेतली त्याने ती रिकामी पाठवायची नसते; आपल्या घरातलं जे सर्वांत चांगलं असेल ते भरून पाठवायची. अंजीर, तेल, गहू, काहीही. कोणी दोन अंडी ठेवतं, तरी चालतं.

परवा सकाळी सालहाने दार उघडलं तर उंबऱ्यावर टोपली. रिकामी. धुतलेलीही नव्हती धड, तळाशी मीठ चिकटलेलं. आणि खमैसच्या खळ्यात ह्या वर्षी सगळ्या भागाचं बियाणं रचलेलं आहे.

मला काही नको होतं ग. पण रिकामी? त्याच्या आईची आठवण म्हणून तरी मूठभर काही ठेवायचं. सालहाने टोपली झाडून खुंटीला टांगली आहे. येता-जाता दिसते.

तिजानी

ट्युनिस, १७ ऑक्टोबर

दादा,

पत्र मिळताच लिहितेय, भाजी गॅसवर आहे.

तळाशी मीठ होतं ना? आणि सालहाने झाडून टाकलं? वहिनीला सांग, तुझ्या नवऱ्याला आणि तुला दोघांना खाला मबरूकांचा चमचा बसायला हवा होता!

तू सैन्यात होतास त्या वर्षीचं ऐक. पाऊस झालाच नव्हता, आपलं बियाणं खाण्यात संपलं होतं. बाबा कोणाकडे मागायला जाणाऱ्यांतले नव्हते. एक दिवस त्यांनी मला टोपली दिली. रिकामी. तळाशी चिमूटभर मीठ. म्हणाले, "मबरूकाच्या उंबऱ्यावर ठेवून ये, आणि काही बोलू नकोस." मी आठ वर्षांची. मी विचारलं, "रिकामी का?" तर म्हणाले, "तिला कळेल." त्यांना कळलं. ज्याचं मीठ खाल्लंय त्याच्याचकडे बियाणं मागायचं, आणि तोंडाने मागायचं नाही. ही बायकांच्या उंबऱ्यावरची रीत. बाबांना आईकडून कळली असेल, बाकी पुरुषांना कोण सांगतंय!

आणि त्या दिवशी ती टोपली भरायला कोण आलं, माहिती आहे? त्यांचा मुलगा. मापाने नाही, ओंजळीने भरत होता, वर शीग येईपर्यंत. माझ्याकडून उचलवेना, मग त्यानेच आपल्या दारापर्यंत आणून दिली. त्याला रीत माहीत आहे, दादा. त्याच्या घरी फ्रीक तुझी, आता बियाणंही तुझंच मागतोय. उस्तादाची पाटी लागली तरी.

टोपली खुंटीवरून काढ. आणि ह्या वेळी अंधार पडल्यावर उंबऱ्यावर ठेवून पळून येऊ नकोस. तुला जाता येतं ना दिवसाउजेडी?

भाजी करपली.

नझीहा

ऐन तूता, ९ नोव्हेंबर

नझीहा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते अंगणात उभ्यानेच वाचलं. मग आत जाऊन टोपली काढली. सालहा विचारत राहिली, काय झालं, काय झालं. मेंढवाड्याच्या पट्टीचं पोतं उघडलं आणि मीही ओंजळीनेच भरत गेलो, शीग येईपर्यंत.

शुक्रवार होता. नमाजनंतर सगळे चहाच्या दुकानात असतात. मी टोपली खांद्यावर घेऊन तिथेच गेलो. रमदान न्हावी म्हणाला, "काय कोंबडीवाले, आज कोंबड्यांना दुकानातच जेवण?" खमैस कोपऱ्यात बसला होता. त्याच्यापुढे टेबलावर टोपली ठेवली.

तो उठला. एक दाणा घेतला, दातांखाली फोडला, तुकडा तळहातावर घेऊन उजेडात बघितला. शेजाऱ्याला दाखवला, मग त्याच्या शेजाऱ्याला.

मग म्हणाला, "पाटी काय, ज्याचा गहू उभा राहिला त्याला मिळाली. ह्या माणसाने आपला गहू माझ्या आईसाठी कापला." नझीहा, त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. घेणाऱ्याने बोलायचं नसतं ते बोलला. म्हणाला, "मी पेरणार आहे तर हाच पेरणार. आणि गिरणीने बियाणं मागितलं तर ह्याचं दार दाखवणार." मग माझ्याकडे वळला आणि डोळे पुसत म्हणाला, "आता बस ना, कोंबडीवाल्या. चहा गार होतोय."

मला रडू आलं, आणि मी कांद्याचं नावही घेऊ शकलो नाही, कारण चहाच्या दुकानात कांदा कुठला.

त्यानंतर चार घरांतून टोपल्या आल्या आहेत. रिकाम्या, तळाशी मीठ. रमदानच्या बायकोचीही आली. पुरवायचं कसं, हे मला कळत नाही. सालहा म्हणते पुढच्या वर्षी मेंढ्या आणखी दोन वावरांत बसवा.

खमैसचं आणि माझं पेरून झालं. तो म्हणाला, जूनमध्ये कापणीयंत्र येईल तेव्हा आधी तुझ्या शेतात जाईल. मी म्हटलं, बघू.

त्याने तुझी आठवण काढली. विचारत होता, अजून दाणे जाड होतात का तुझे. ईदला ये, आणि कुसकुस तूच वळ. रवा ह्याच गव्हाचा असेल.

तुझा भाऊ,
तिजानी